संगणकात गेलेला हजेरीपट

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर लक्षावधी माणसे राबत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोचली होती. या कामांवर हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला लवकरच एक गोष्ट उमगत असे. मजुरांच्या बाजूने कितीही आवेशाने बोलले तरी मुकादम विचलित होत नसे. हजेरीपट आणि मोजमाप पुस्तक दाखवा असे म्हटले की मात्र त्याची चुळबुळ सुरू होई. पटावर कामाला न आलेल्यांचे अंगठे असत, सहा दिवस राबलेल्या बाईच्या नावापुढे चारच हजेऱ्या असत, खणलेल्या खड्ड्याची खोली पुस्तकात उतरताना कमी होई. हे वाचायला कार्यकर्ते शिकले. त्यांच्यापैकी क्वचितच कोणी अभियांत्रिकीचा पदवीधर असेल. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून ब्रास काढावयाचे, त्याला दराने गुणावयाचे आणि आलेली रक्कम पटावरील रकमेशी ताडून पाहावयाची, एवढे गणित त्यांना पुरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, त्यामागील चळवळीच्या बळात या गुणाकाराचाही वाटा होता.

तो हजेरीपट आता केवळ कागदावर राहिलेला नाही. मजुराची हजेरी, शिधापत्रिकेवरील धान्य, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, पीकविम्याचा दावा, निराधार स्त्रीचे अनुदान हे सारे संगणकातील तक्त्यांत लिहिले जाते, आणि कोणाला किती द्यावयाचे याचा हिशेब आज्ञावली, म्हणजे ज्याला व्यवहारात प्रोग्रॅम म्हणतात तो, करीत असतो. कार्यकर्ता मात्र अजून तहसील कचेरीच्या खिडकीशीच उभा आहे. खिडकीमागचा कारकून त्याला सांगतो, ‘सिस्टीम घेत नाही.’ मुकादमाच्या शब्दावर ज्याने कधी विश्वास ठेवला नसता तो माणूस हे वाक्य ऐकून निमूटपणे परत फिरतो, जणू सिस्टीम ही पाऊसपाण्यासारखी माणसाच्या अधिकाराबाहेरची गोष्ट आहे. वस्तुतः ती कोणीतरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेल्या नियमांची मालिका असते, आणि नियम म्हटले की ते कोणाच्या सोयीचे आहेत हा प्रश्न आलाच.

संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसाने आज्ञावली लिहिण्याचे व्यवहारापुरते कौशल्य मिळवावे काय, या प्रश्नाची चर्चा आजवर बहुतांशी नोकरीच्या संदर्भात झाली. शहरोशहरीच्या शिकवणी वर्गांच्या जाहिराती पाहिल्या तर हे शिक्षण म्हणजे पगाराची पायरी आहे, याहून वेगळा अर्थ त्यांतून निघत नाही. सार्वजनिक कार्य करणाऱ्यांनी हा विषय ‘आपला नव्हे’ म्हणून बाजूला ठेवला. फार तर कार्यालयात एखादा हौशी तरुण असतो, त्याच्याकडे ‘ते संगणकाचे तेवढे बघ’ म्हणून काम ढकलले जाते. ही श्रमविभागणी सोयीची असली तरी घातक आहे, कारण संगणकाचे म्हणून जे काम त्या तरुणाकडे जाते त्यात पुष्कळदा राजकीय निर्णय दडलेला असतो. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेऊन २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. पंधरा दिवसांच्या आत मजुरी मिळाली पाहिजे, अन्यथा हजेरीपट बंद झाल्यानंतरच्या सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीवर दररोज ०.०५ टक्के दराने भरपाई द्यावी, अशी तरतूद त्याखाली होती. हे दिवस मोजण्याचे व भरपाई काढण्याचे काम संगणकाकडे सोपविले होते. येथपर्यंत सर्व निर्दोष दिसते. मजुरी अदा होण्याचे मात्र दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात स्थानिक कचेरी हजेरी व मोजमाप नोंदवून निधी हस्तांतरणाचा आदेश तयार करी आणि त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या होत. दुसऱ्या टप्प्यात केंद्राकडून पैसा सुटून मजुराच्या खात्यात जमा होई. विलंब मोजणारी आज्ञावली आदेशावर दुसरी सही पडताच मोजणी थांबवीत असे. तेथून पुढे दिल्लीकडे कितीही दिवस गेले तरी त्यांची गणना विलंबात होत नसे, आणि त्या दिवसांची भरपाईही निघत नसे. मजुराच्या दृष्टीने पैसे आलेले नसत. संगणकाच्या दृष्टीने ते वेळेवर पोचलेले असत.

ही गोष्ट उघडकीस आली ती मोर्चातून नव्हे, तक्त्यांतून. संशोधक आणि कार्यकर्ते यांच्या एका गटाने २०१६-१७ या वर्षातील दहा राज्यांमधील नव्वद लाखांहून अधिक व्यवहारांची शासकीय संकेतस्थळावरचीच नोंद उतरवून घेतली आणि प्रत्येक व्यवहारात पट बंद झाल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत किती दिवस गेले ते मोजले. वेळेवर मिळालेली मजुरी निघाली केवळ २१ टक्के. नव्वद लाख ओळी हाताने मोजणे अशक्य होते; आज्ञावलीने ते जमले. परंतु त्या आज्ञावलीच्या गाभ्यात काय होते? एका दिनांकातून दुसरा दिनांक वजा करणे. कोणता दिनांक वजा करावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा होता, आणि त्याचे उत्तर संगणकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडले नसते. ते ज्याने मजुरीची वाट पाहिली आहे, किंवा वाट पाहणाऱ्यांत जो वावरला आहे, त्यालाच ठाऊक असते. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १८ मे २०१८ च्या निकालात न्यायालयाने दुसऱ्या टप्प्यातील विलंबाची जबाबदारी केंद्र शासनाला झटकता येणार नाही असे बजावले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा संमत केला आहे. कायद्याचे नाव कोणतेही असले तरी दिवस मोजणार आहे तो संगणकच, तेव्हा मोजणी कोठे सुरू होते आणि कोठे थांबते हे पाहण्याचे काम संपलेले नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना याच जातीचे दुसरे उदाहरण परिचित असेल. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये असे प्रतिपादन केले की, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासाचा वेग एकाएकी घसरतो. युद्धोत्तर काळासाठी त्यांनी काढलेली सरासरी उणे ०.१ टक्का होती. युरोप-अमेरिकेतील राज्यकर्त्यांनी या निबंधाचा हवाला देत लोकांच्या पेन्शनींना आणि रुग्णालयांना कात्री लावण्याच्या धोरणाचे समर्थन केले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातील गृहपाठ म्हणून ती आकडेमोड पुन्हा करावयास घेतली. उत्तर जुळेना. मूळ लेखकांकडून त्याने त्यांची स्प्रेडशीट मागवली आणि उघडून पाहिली, तो सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी घ्यावयाच्याच राहून गेल्या होत्या. आपल्या दोन प्राध्यापकांसह त्याने नव्याने काढलेली सरासरी अधिक २.२ टक्के आली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एकूण फरकात त्या सूत्राच्या चुकीचा भाग लहान होता; काही देशांची काही वर्षे गाळणे आणि सरासरी काढताना देशांना वजन देण्याची विशिष्ट पद्धत यांचा भाग मोठा होता. पण हेही तक्ता उघडल्यावरच कळले. तीन वर्षे जगभरचे विद्वान त्या निष्कर्षाच्या बाजूने व विरुद्ध तात्त्विक वाद घालीत राहिले होते.

डाव्या व समाजवादी चळवळींचे संगणकाशी असलेले नाते पहिल्यापासून अवघडलेले आहे. साठ व सत्तरच्या दशकांत आयुर्विमा आणि बँक कर्मचाऱ्यांनी यंत्रांना विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्राने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँक कर्मचारी संघटनांनी १९८३ मध्ये संगणकीकरणाबाबत व्यवस्थापनाशी करार केला. त्या विरोधाची आज टिंगल करण्याची रीत पडली आहे. ती अन्यायाची आहे. किती माणसांचे काम जाईल, हा प्रश्न विचारणे कामगार संघटनेचे कर्तव्यच होते आणि आजही आहे. तथापि यंत्र काय मोजील, काय मोजावयाचे सोडून देईल आणि त्या मोजणीची तपासणी कोण करील, हा दुसरा प्रश्न त्या धामधुमीत फारसा पुढे आला नाही. यंत्र आले, स्थिरावले, आणि त्याच्या पोटातील नियम वाचणारा माणूस संघटनेत नाही अशी स्थिती निर्माण झाली.

सामान्य माणसाने आज्ञावली लिहावी ही कल्पना बाजारातून आलेली नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या अध्यापकांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही भाषा तयार केली, ती विज्ञानाकडे न जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. ग्रंथालयात जसे कोणीही जाऊन पुस्तक काढावे तसे संगणकाशी जाऊन बसावे, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ नावाची पहिली प्रचलित स्प्रेडशीट आली आणि हिशेबनिसांच्या हाती सूत्रे लिहिण्याचे साधन पडले. आज पतसंस्थेतील जो कारकून व्याजाचे सूत्र एका चौकटीत लिहून खालपर्यंत ओढतो, तो आज्ञावलीच लिहीत असतो; त्याला कोणी तसे सांगितलेले नसते, इतकेच. महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत लाखो लोकांनी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली. संगणकाची भीती मोडण्याचे काम त्यामुळे झाले यात शंका नाही. परंतु ते प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडण्याचा कागद बनले, आणि पुष्कळांचे शिक्षण कोणते बटण कोठे आहे यापाशी थांबले.

मग नेमके शिकावयाचे काय? समजा, एका तालुक्याची वर्षभराच्या मजुरीची फाईल हाती आली आहे आणि तीत चाळीस हजार ओळी आहेत. कार्यकर्त्याने मराठीत आपला प्रश्न असा मांडावा: एकेक ओळ घे, पट बंद झाल्याचा दिनांक आणि पैसे जमा झाल्याचा दिनांक यांतील अंतर काढ, ते पंधरा दिवसांहून अधिक असेल तर गावाच्या नावापुढे एक मिळव, सर्व ओळी संपल्यावर गावांची यादी मोठ्या संख्येपासून लहानाकडे लाव. एवढे वाक्य ज्याला नीट रचता आले त्याचे निम्मे शिक्षण झाले. उरलेले निम्मे म्हणजे हेच वाक्य पायथनसारख्या भाषेत लिहिणे. ही भाषा ग्विडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, ती विनामूल्य आहे आणि जुन्या, कमी कुवतीच्या संगणकावरही चालते. वरील प्रश्नाला तीत पंधरा-वीस ओळी पुरतात. मूल्य एखाद्या नावाने साठवून ठेवणे, अट घालणे, तीच क्रिया पुनःपुन्हा करविणे, फाईल वाचणे व लिहिणे, आणि एका कामाच्या ओळी बांधून त्याला नाव देणे, याहून अधिक व्याकरण व्यवहारात क्वचितच लागते. चूक झाली की यंत्र लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य दाखविते. नवशिक्याला ती दटावणी वाटते, परंतु कितव्या ओळीत अडले ते तीत सांगितलेले असते आणि ती शांतपणे वाचणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

स्प्रेडशीटवर का थांबू नये, असे कोणी विचारील. थांबण्यास हरकत नाही. आरंभ तेथूनच करावा. पण तिचे स्वभाव माहीत असावेत. एक्सेल आकड्यातील पहिले पंधरा अंकच सांभाळते, म्हणून सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून भरला तर अखेरचा अंक शून्य होऊन बसतो. आरंभीची शून्ये ती गाळून टाकते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलीत ६५ हजारांच्या आसपास ओळी मावतात आणि त्यापुढच्या ओळी मुकाट्याने सोडून दिल्या गेल्या होत्या. आणखी एक भेद असा की स्प्रेडशीटमध्ये माणसाने कोणती ओळ केव्हा खोडली याचा माग सहसा राहत नाही, तर आज्ञावलीत केलेली प्रत्येक कृती लिहिलेली असते. विरोधी बाजूच्या अधिकाऱ्याला ‘हे पाहा, असे मोजले’ म्हणून ती हाती देता येते. सार्वजनिक वादात या गुणाचे मोल फार आहे.

मराठीतून काम करणाऱ्याला एक वेगळीच अडचण भेडसावते आणि तिची दखल इंग्रजी पाठ्यपुस्तके घेत नाहीत. आपल्याकडील जुनी शासकीय परिपत्रके, ग्रामपंचायतींचे ठराव, संघटनांची स्वतःची इतिवृत्ते अशा फाँटांत टंकलिखित झाली आहेत की ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी ‘डी’ हे अक्षर असते. छपाईला ते चालते; शोध घेताना काहीच सापडत नाही. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हा नवशिक्यासाठी उत्तम धडा आहे. एका चिन्हाच्या जागी दुसरे घालण्याची कोष्टकवजा यादी करावयाची, एवढ्याने बरेचसे काम होते. पण ऱ्हस्व वेलांटी त्या फाँटांत टंकलेखनयंत्राप्रमाणे अक्षराच्या आधी येते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार त्यांत अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल करणारे चार नियम लिहिताना विद्यार्थ्याला आज्ञावली म्हणजे काय ते जसे कळते तसे दहा व्याख्यानांनी कळत नाही. युनिकोडमध्येही सर्व आलबेल नाही. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा ‘र’ दोन निरनिराळ्या प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ती दोन गावे वाटतात. त्यात कोणी ‘कराड’ लिहिले की तिसरे गाव झाले. तालुक्याच्या यादीत गावांची संख्या प्रत्यक्षाहून अधिक निघाली तर भ्रष्टाचार शोधण्यापूर्वी हे तपासावे. पायथनची एक गोष्ट मात्र मराठी माणसाला सुखावून जाईल: देवनागरीत लिहिलेल्या ‘१२’ ची संख्या कर असे तिला सांगितले तर ती बारा म्हणूनच घेते.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर सांगितल्याबरोबर आज्ञावली लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती पडली. तेव्हा आता हे शिकण्याचा खटाटोप कशाला, असा आक्षेप हमखास निघतो. ही यंत्रे उपयोगी आहेत आणि नवशिक्याने त्यांची मदत अवश्य घ्यावी. अडलेली ओळ समजावून देणारा इतका सहनशील शिक्षक तालुक्याच्या गावी मिळत नाही. पण मजुरीच्या उदाहरणाकडे पुन्हा वळावे. ‘विलंब मोज’ एवढेच यंत्राला सांगितले तर ते तक्त्यातील कोणता तरी एक दिनांक निवडील, स्वच्छ आज्ञावली लिहील आणि सुबक आकडा देईल. तो दिनांक दुसऱ्या सहीचा आहे की खात्यात पैसे पडल्याचा, हे ज्याला त्या वीस ओळी वाचता येत नाहीत त्याला कधीच कळणार नाही. तो कार्यकर्ता कारकुनाच्या खिडकीवरून उठून दुसऱ्या एका खिडकीशी जाऊन उभा राहील.

कार्यकर्त्याने वस्तीवर जावयाचे सोडून पडद्यासमोर बसावे काय, हा आक्षेप याहून गंभीर आहे. तक्ता सांगतो ते कचेरीने लिहिलेले असते. खोटा हजेरीपट संगणकात शिरला की तो खऱ्याहून नीटनेटका दिसतो. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची छायाचित्रे काढून मोबाईलवरून हजेरी लावणे बंधनकारक झाले. गैरव्यवहार थांबविण्यासाठी आणलेल्या या पद्धतीत कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्रांवरून पुन्हा काढलेली छायाचित्रे भरली जात असल्याचे केंद्रीय मंत्रालयालाच जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढून मान्य करावे लागले. असले खोटेपण उघडे पाडावयास गावातच जावे लागते. तक्ता एवढेच करू शकतो की शंभर गावांपैकी आधी कोणत्या सात गावांत जावे ते सांगतो, आणि गावातून परत आल्यावर जे पाहिले ते एकट्या गावाचे दुःख आहे की तालुक्याचे, हे दाखवितो. ज्या संघटनेकडे जीप एकच आणि पूर्णवेळ माणसे तीन, तिला ही मदत थोडी नाही.

हे शिक्षण प्रथम कोणाला द्यावे? कार्यालयातील तरुणांआधी ज्यांच्या हातून हे तक्ते भरले जातात त्यांना द्यावे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. उपकरणे निकृष्ट होती, आणि पोषणाची माहिती ज्या ॲपमध्ये भरावयाची ते इंग्रजीत होते. बालकांची वजने, उंची, आहार यांची नोंद रोज हीच स्त्री करते. परंतु तिने भरलेल्या आकड्यांची बेरीज तिला दिसत नाही, ती वर जाते. कोणता रकाना चुकीचा आहे, कोणती गोष्ट लिहावयास रकानाच ठेवलेला नाही, हे दिल्ली-मुंबईतील आज्ञावलीकारापेक्षा तिला अधिक कळते. सातवी-दहावी शिकलेल्या सेविकेला हे झेपणार नाही असे मानणारे लोक तिच्या नोंदवहीतील उभ्या-आडव्या बेरजा पाहिलेले नसावेत. अशाच प्रकारे एसटीतील वाहक, माथाडी मंडळातील कारकून, दूध संघाच्या संकलन केंद्रावरील माणूस यांची निवड करता येईल.

पद्धत अभ्यासमंडळाचीच ठेवावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा-सात जण, दोन संगणक. पाठ्यपुस्तकातील कृत्रिम उदाहरणे घेऊ नयेत. त्यांत कोणाचेच मन रमत नाही. पहिल्या महिन्यात संघटनेची सभासद नोंदवही घ्यावी. कोणाची वर्गणी किती वर्षे थकली आहे, एकच सभासद दोनदा कसा नोंदला गेला आहे, हे त्यातून निघेल आणि थोडी अडचणही होईल. ती होऊ द्यावी. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचा अधिकार स्वतःच्या वहीपासून सुरू होतो. नंतर एकच शासकीय तक्ता घ्यावा आणि तीन-चार महिने त्यालाच चिकटून राहावे. माणसांची नावे, खाते क्रमांक, आजार यांची माहिती असलेल्या फाईली मोबाईलवरून इकडून तिकडे पाठविण्याची सवय मात्र कठोरपणे मोडली पाहिजे. मोजणीसाठी नावांची गरज बहुधा नसते. ती काढून टाकणारी ओळ आज्ञावलीत सर्वांत वर असावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे आणि त्याची ढाल पुढे करून साध्या याद्याही नाकारल्या जाण्याचा धोका आहे. नावे वगळून गावनिहाय दिनांक व रकमा मागितल्या तर नकाराला ते निमित्त उरत नाही.

माहिती मागण्याची रीतही बदलावी लागेल. अर्ज केला की चारशे पानांचा गठ्ठा किंवा त्या पानांची छायाचित्रे हाती पडतात, आणि ती पुन्हा टंकलिखित करण्यात उमेद संपून जाते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळविण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. कलम ७(९) प्रमाणे ज्या स्वरूपात माहिती मागितली असेल त्याच स्वरूपात ती सामान्यतः द्यावयाची असते. कचेरीच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा अभिलेखालाच बाधा पोचणार असेल तरच अपवाद आहे. जी फाईल कचेरीच्या संगणकात तक्त्याच्या रूपात आधीच आहे ती तशीच उतरवून देण्याने ताण पडतो असे म्हणणे अपिलात टिकणे कठीण आहे. अर्जात ही दोन्ही कलमे लिहावीत, ‘छापील प्रत अथवा छायाचित्र नको, मूळ तक्त्याची फाईल द्यावी’ असे स्पष्ट शब्दांत नमूद करावे, आणि प्रत्येक रकान्याच्या शीर्षकाचा अर्थ काय, विशेषतः दिनांकाच्या रकान्यात कोणता दिनांक भरला जातो, याची माहितीही त्याच अर्जात मागून घ्यावी.